एलटीस्पाइसच्या आलेखावर माउसने नेमकं रीडिंग कसं घ्यायचं

एलटीस्पाइस या, कॉम्प्युटरवर इलेक्ट्रॉनिक सर्किट चालवून बघायच्या प्रोग्राममध्ये सर्किट रन केलं, आलेख उमटला. आता त्यावरचा एखादा बिंदू किती व्होल्टचा आणि किती वेळेचा ते वाचायचं आहे. नवीन विद्यार्थी माउसचा बाण रेषेवर नेतो, खालच्या पट्टीत दिसणारे आकडे वहीत उतरवतो आणि पुढच्या प्रश्नाला लागतो. चूक नेमकी इथेच होते. ते आकडे बाण कुठे आहे ते सांगतात, रेष कुठे आहे ते नाही. बाण रेषेच्या चार पिक्सेल वर असला, तर पट्टी त्या रिकाम्या जागेचे आकडे दाखवते, आणि तेही चार-पाच अंकांपर्यंत, त्यामुळे खोटं वाटतच नाही.

म्हणून माउस हातात घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा. या प्रोग्रामच्या प्लॉट विंडोत आकडे तीन ठिकाणांहून मिळतात. एक, बाणाची जागा. दोन, रेषेला चिकटवलेला कर्सर. तीन, प्रोग्रामने गणित करून ठेवलेले मूळ बिंदू. तिन्हींचा अर्थ वेगळा आहे आणि आपण कोणता आकडा वाचतो आहोत हे दर वेळी माहीत असायला हवं.

एलटीस्पाइस फुकट मिळतं. माइक एंगलहार्ट यांनी ते लिनिअर टेक्नॉलॉजी कंपनीत असताना लिहिलं, आणि २०१७ मध्ये ती कंपनी अ‍ॅनालॉग डिव्हायसेसने घेतल्यापासून ते त्यांच्या साइटवर असतं. खाली दिलेल्या कृती विंडोज आवृत्तीच्या आहेत. मॅकवरची मांडणी वेगळी आहे. नव्या आवृत्त्यांमध्ये काही शॉर्टकट बदलले आहेत, त्यामुळे इथे शक्यतो मेनूचीच नावं दिली आहेत.

सरावासाठी सर्किट

उत्तर आधीच माहीत असलेलं सर्किट घ्या. म्हणजे चुकलात तर लगेच कळेल. एक रेझिस्टर १ किलोओहम, त्याच्या पुढे एक कपॅसिटर १ मायक्रोफॅरड, कपॅसिटरचं दुसरं टोक ग्राउंडला. रेझिस्टरच्या अलीकडे व्होल्टेज सोर्स. याचा टाइम कॉन्स्टंट (कपॅसिटर ६३.२ टक्के चार्ज व्हायला लागणारा वेळ, रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स) १ मिलिसेकंद.

व्होल्टेज सोर्सवर राइट क्लिक करा, अ‍ॅडव्हान्स्ड दाबा, पल्स निवडा. सुरुवातीचं व्होल्टेज ०, ऑन व्होल्टेज ५, डिले १ मिलिसेकंद, राइज आणि फॉल दोन्ही १ मायक्रोसेकंद, ऑन टाइम १० मिलिसेकंद, पीरियड २० मिलिसेकंद. राइजच्या खान्यात शून्य टाकू नका. शून्य दिसलं की प्रोग्राम स्वतःच्या हिशेबाने बऱ्यापैकी मोठी वेळ धरतो. मग उभ्या कडेऐवजी तिरकी उतरंड मिळते आणि त्यावर घेतलेलं प्रत्येक रीडिंग सरकतं.

आकड्याला प्रत्यय लावताना आणखी एक सापळा आहे. या प्रोग्रामला लहान-मोठी लिपी कळत नाही, त्यामुळे एम म्हणजे नेहमी मिलि. मेगासाठी एम-ई-जी अशी तीन अक्षरं लागतात. १ मेगओहम म्हणून फक्त एम लावलात तर १ मिलिओहम बसतो. मायक्रोसाठी यू. आणि कपॅसिटरच्या आकड्यामागे नुसतं एफ लावू नका, एफ म्हणजे फेम्टो.

रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या मधल्या वायरला नेट लेबल द्या, आउट असं. लेबल न दिलेल्या नोडला (घटक एकमेकांना जोडले जातात त्या बिंदूला) प्रोग्राम आपणहून क्रमांक देतो आणि सर्किट जरा बदललं की हे क्रमांक बदलू शकतात. काल जो आलेख आउटपुटचा होता तो आज इनपुटचा होऊन बसतो.

सिम्युलेशनच्या कमांडमध्ये ट्रान्झिएंट (वेळेनुसार होणारा बदल) निवडून स्टॉप टाइम २० मिलिसेकंद टाका आणि रन करा.

प्रोब लावणं

रन झालं की काळी, रिकामी प्लॉट विंडो उघडते. घाबरू नका. आता स्कीमॅटिकवर, म्हणजे सर्किटच्या आकृतीवर, परत या आणि माउस वायरवर न्या. बाणाच्या जागी लाल प्रोब दिसतो. क्लिक केलं की त्या नोडचं ग्राउंडच्या सापेक्ष व्होल्टेज उमटतं. प्रोब दिसतच नसेल तर रन पूर्ण झालेलं नाही किंवा स्कीमॅटिकची विंडो पुढे नाही. क्लिक करण्याआधी खालच्या पट्टीत काय प्लॉट होणार ते लिहून येतं, तिकडे नजर टाकायची सवय लावा.

माउस रेझिस्टरवर नेला की प्रोबच्या जागी क्लॅम्प मीटरसारखं चिन्ह येतं आणि त्यावर करंटची दिशा दाखवणारा बाण असतो. हा बाण महत्त्वाचा. करंट ऋण आला म्हणजे सर्किट चुकलं असं नाही, बहुतेक वेळा तो रेझिस्टर तुम्ही उलटा ठेवलेला असतो. आपल्या दृष्टीने रेझिस्टरला उलट-सुलट नसते, पण प्रोग्रामला त्याची पहिली आणि दुसरी पिन ठाऊक असते. तो दोनदा फिरवून पुन्हा ठेवा, चिन्ह पालटेल.

दोन नोडमधला फरक हवा असेल तर पहिल्या नोडवर डावं बटन दाबा, तसंच दाबून ठेवून दुसऱ्या नोडपर्यंत ओढत न्या आणि सोडा. पहिल्या जागी लाल प्रोब राहतो, दुसऱ्या जागी काळा येतो. मल्टिमीटरच्या दोन लीडचीच ही गोष्ट. ऑल्ट दाबून एखाद्या घटकावर क्लिक केलं तर थर्मामीटरचं चिन्ह येतं आणि त्यातली क्षणोक्षणीची पॉवर प्लॉट होते. ऑल्ट दाबून वायरवर क्लिक केलं तर त्या वायरमधला करंट. आणि एकाच नोडवर डबल क्लिक केलं तर बाकी सगळे ट्रेस, म्हणजे आलेखावरच्या रेषा, पुसून फक्त तोच उरतो. हे चुकून फार वेळा होतं. हाताला घाई असेल तर चार ट्रेस मांडलेली विंडो एका झटक्यात रिकामी होते.

आपल्या सर्किटमध्ये आउटवर एकदा क्लिक करा. १ मिलिसेकंदाला ० वरून उठून ५ व्होल्टकडे झुकत जाणारी रेष दिसेल, ११ मिलिसेकंदाला ती परत खाली वळेल.

आधी झूम, मग माप

आता पिक्सेलचा हिशेब बघा. प्लॉट साधारण १,००० पिक्सेल रुंद आहे आणि त्यात २० मिलिसेकंद बसले आहेत असं धरा. म्हणजे एक पिक्सेल २० मायक्रोसेकंदांचा. चार्जिंगच्या सुरुवातीला आपली रेष दर मिलिसेकंदाला ५ व्होल्ट या वेगाने चढते. म्हणजे माउस एक पिक्सेल इकडेतिकडे झाला की रीडिंग ०.१ व्होल्टने बदलतं. हात कितीही स्थिर असला तरी इथे अचूकता मिळायची नाही, कारण पडद्यालाच ती दाखवता येत नाही.

उपाय झूम. प्लॉटवर डावं बटन दाबून हव्या त्या भागाभोवती चौकट ओढा आणि सोडा. २ मिलिसेकंदांच्या आसपासचा फक्त १०० मायक्रोसेकंदांचा तुकडा घेतला तर एक पिक्सेल ०.१ मायक्रोसेकंदावर येतो, दोनशे पट बारीक. मागे यायचं तर झूम टू फिट, किंवा अनडू.

या चौकटीचा दुसराही उपयोग आहे, आणि रोजच्या कामात तो झूमपेक्षाही जास्त होतो. चौकट ओढत असताना खालच्या पट्टीत तिची रुंदी आणि उंची दिसत राहते, शिवाय रुंदीचा व्यस्तांक फ्रीक्वेन्सी म्हणून दिसतो. दोन शिखरांमधलं अंतर, रिपलची (डीसीवर उरलेल्या लहान लाटेची) उंची, पल्सची रुंदी अशी ढोबळ मापं कर्सर न लावता दोन सेकंदांत मिळतात. फक्त बटन सोडण्याआधी एस्केप दाबायचं, म्हणजे झूम होत नाही. उजवं बटन दाबूनही हेच होतं, पण लॅपटॉपच्या टचपॅडवर डावं दाबून ठेवून उजवं दाबणं जमत नाही. तिथे एस्केपच बरं. खरं तर या कामासाठी साधा वायरचा माउस जोडा, टचपॅडवर बारीक ओढाताण करताना निम्मी रीडिंग हातानेच बिघडतात.

कर्सर चिकटवणं

प्लॉटच्या वरच्या कडेला ट्रेसचं नाव असतं. त्यावर डावं क्लिक करा. रेषेवर एक आडवी आणि एक उभी तुटक रेघ येते आणि कर्सरचं रीडिंग दाखवणारी छोटी विंडो उघडते. हा पहिला कर्सर. तो त्या ट्रेसला चिकटलेला आहे. माउस वर-खाली कसाही गेला तरी तो रेष सोडत नाही. बाणाने वाचण्यात आणि कर्सरने वाचण्यात हाच फरक.

दोन कर्सर हवे असतील तर ट्रेसच्या नावावर राइट क्लिक करा. उघडणाऱ्या खिडकीत अटॅच्ड कर्सर अशी यादी असते, तीत पहिला आणि दुसरा दोन्ही असा पर्याय निवडा. एक कर्सर इनपुटवर आणि दुसरा आउटपुटवर ठेवायचा तर प्रत्येक नावावर राइट क्लिक करून वेगवेगळा कर्सर नेमून द्या.

कर्सर ओढण्यासाठी माउस त्याच्या उभ्या रेघेजवळ न्या. बाणाशेजारी १ किंवा २ असा आकडा उमटला की बटन दाबा आणि ओढा. आकडा उमटायच्या आत दाबलंत तर कर्सर जागचा हलणार नाही, झूमची चौकट सुरू होईल. नवख्यांच्या बाबतीत हे दर दोन मिनिटांनी होतं. चुकून झूम झालंच तर अनडू करा, कर्सर काढून पुन्हा लावायची गरज नाही. माउसने जवळ आणल्यावर शेवटचं सरकवणं कीबोर्डच्या डाव्या-उजव्या बाणांनी करा. त्यासाठी प्लॉट विंडो पुढे असायला हवी, स्कीमॅटिक पुढे असेल तर बाणाच्या कळांचा कर्सरवर काही परिणाम होत नाही.

आता आपल्या सर्किटवर पहिला कर्सर बरोबर १ मिलिसेकंदावर ठेवा. दुसरा कर्सर उजवीकडे सरकवत न्या आणि उभ्या आकड्यात ३.१६ व्होल्ट दिसले की थांबा. ५ व्होल्टच्या ६३.२ टक्के म्हणजे ३.१६. रीडिंगच्या विंडोत फरकाच्या ओळीत आडवं अंतर १ मिलिसेकंदाच्या अगदी जवळ यायला हवं. एखाद-दुसऱ्या मायक्रोसेकंदाचा फरक राइज टाइममुळे आणि पिक्सेलमुळे राहील. १.०५ किंवा ०.९५ येत असेल तर झूम करून पुन्हा बघा.

त्याच विंडोत शेजारी फ्रीक्वेन्सी म्हणून १ किलोहर्ट्झ लिहिलेलं दिसेल. तो आकडा उतरवू नका. प्रोग्रामने फक्त १ भागिले १ मिलिसेकंद केलं आहे. सिग्नलची फ्रीक्वेन्सी इथे ५० हर्ट्झ आहे, कारण पीरियड २० मिलिसेकंदांचा, आणि या सर्किटची, म्हणजे फिल्टरची, कटऑफ फ्रीक्वेन्सी (जिच्या वरचे सिग्नल कमी होत जातात) १५९ हर्ट्झ. १ किलोहर्ट्झ यांपैकी काहीच नाही. दोन कर्सर सिग्नलच्या लागोपाठच्या दोन सारख्या बिंदूंवर असतील तरच त्या खान्याला अर्थ येतो. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ही चूक इतकी सर्रास दिसते की विशेष सांगावं लागतं. स्लोपच्या खान्याचंही असंच आहे, तो दोन कर्सर जोडणाऱ्या सरळ रेषेचा उतार आहे, वक्राचा नाही.

राइज टाइमसाठी पहिला कर्सर ०.५ व्होल्टवर आणि दुसरा ४.५ व्होल्टवर न्या, म्हणजे १० आणि ९० टक्के. फरक २.२ मिलिसेकंदांच्या आसपास येतो. ०.३५ भागिले हा आकडा केलं की १५९ हर्ट्झ मिळतात. एका मापाने दुसरं पडताळून बघायची ही सोपी रीत आहे.

वेळ शिखरावर वाचू नका

हा भाग नीट समजून घ्या, कारण तो प्रत्यक्ष ऑसिलोस्कोपवरही तितकाच लागू आहे.

सर्किट बदला. रेझिस्टर २० ओहम, त्यापुढे इंडक्टर १ मिलिहेन्री, मग कपॅसिटर १०० नॅनोफॅरड ग्राउंडला, आउटपुट कपॅसिटरवर. सोर्सचा पल्स तोच ठेवा, पण डिले शून्य करा आणि राइज ०.१ मायक्रोसेकंद. स्टॉप टाइम १ मिलिसेकंद. आता आउटपुट ५ व्होल्टला पोचून थांबत नाही, त्याच्या वर उसळतं आणि डोलत डोलत शांत होतं. डॅम्पिंग (डोलणं किती लवकर विरतं ते सांगणारा आकडा) ०.१ आहे, म्हणून पहिलं शिखर ८.६५ व्होल्टच्या जवळ, दुसरं ६.९४ व्होल्टच्या जवळ, आणि डोलण्याची फ्रीक्वेन्सी १५.८ किलोहर्ट्झ, पीरियड साधारण ६३ मायक्रोसेकंद.

शिखराची उंची वाचायला कर्सर शिखरावरच न्यायचा. तिथे रेष सपाट असते, कर्सर थोडा बाजूला असला तरी उंची फारशी बदलत नाही. पण त्याच सपाटपणामुळे शिखराची वेळ नीट मिळत नाही. साइन वेव्हचं मूल्य शिखरापासून फक्त १ टक्क्याने उतरायला तब्बल ८ अंश सरकावं लागतं, म्हणजे पीरियडच्या सव्वादोन टक्के. ६३ मायक्रोसेकंदांपैकी जवळजवळ दीड मायक्रोसेकंद इकडे की तिकडे, डोळ्याला कळत नाही. उलट रेष मध्यरेषा ओलांडते तिथे उंचीतली तीच १ टक्का चूक वेळेत अर्ध्या अंशाहून किंचित जास्त फरक पाडते, ०.१६ टक्के.

म्हणून पीरियड मोजताना दोन्ही कर्सर ५ व्होल्टच्या पातळीवर ठेवा, दोन्ही चढत्या बाजूला. एक चढतीला आणि दुसरा उतरतीला ठेवलात तर अर्धाच पीरियड मिळेल आणि फ्रीक्वेन्सी दुप्पट दिसेल. आणि एकाच पीरियडवर समाधान मानू नका. लागोपाठचे पाच पीरियड मोजा आणि पाचने भागा, कर्सर ठेवण्यातली चूकही पाचने भागली जाते. इथे डोलणं लवकर विरतं म्हणून पाच. न विरणाऱ्या सिग्नलवर दहा-वीस घ्या.

रेष खरी आहे का

आता तिसरा आकडा, मूळ बिंदू. प्रोग्राम सतत रेष काढत नाही. तो ठरावीक क्षणांना गणित करतो आणि त्या ठिपक्यांना सरळ रेषांनी जोडतो. हे क्षण समान अंतरावरही नसतात, जिथे सिग्नल भराभर बदलतो तिथे ते दाट असतात, बाकी ठिकाणी विरळ. प्लॉट सेटिंग्ज मेनूत मार्क डेटा पॉइंट्स असा पर्याय आहे. तो चालू करा आणि एखाद्या शिखराच्या टोकावर झूम करा. गोल टोकाऐवजी दोन-तीन ठिपके आणि त्यांना जोडणारे कोन दिसले तर समजा की खरं शिखर त्या दोन ठिपक्यांच्या मध्ये कुठेतरी, रेषेच्या वर आहे. कर्सर तुम्हाला फक्त जोडरेष वाचून दाखवतो.

असं का होतं याची दोन कारणं. पहिलं, पावलं मोठी पडली. ट्रान्झिएंटच्या खिडकीत मॅक्सिमम टाइमस्टेपचा खाना असतो, तो रिकामा असला की प्रोग्राम स्वतः ठरवतो. वरच्या सर्किटसाठी तिथे ०.१ मायक्रोसेकंद टाका. १ मिलिसेकंदात किमान १०,००० बिंदू येतील, एका पीरियडमध्ये सहाशेहून जास्त. ढोबळ नियम असा की सगळ्यात वेगवान हालचालीच्या एका पीरियडला निदान शंभर बिंदू पडायला हवेत. उगाच पिकोसेकंदात उतरू नका, रन रेंगाळेल आणि फाइल फुगेल.

दुसरं कारण फार जणांना माहीत नसतं. गणित बारीक झालं तरी प्रोग्राम फाइल लहान ठेवण्यासाठी साठवताना बिंदू गाळतो. या कॉम्प्रेशनमध्ये थोडी माहिती कायमची जाते. ते बंद करायला स्कीमॅटिकवर स्पाइस डायरेक्टिव्ह टाका: .options plotwinsize=0, ऑप्शन्सनंतर एक जागा सोडून, बाकी कुठेही जागा न सोडता. कंट्रोल पॅनलमध्येही कॉम्प्रेशनची सेटिंग आहे, पण ती प्रोग्राम बंद केला की टिकत नाही. डायरेक्टिव्ह स्कीमॅटिकसोबत राहतं आणि फाइल दुसऱ्याला दिली तरी त्याला तेच रीडिंग मिळतं. एफएफटी (सिग्नलमध्ये कोणत्या फ्रीक्वेन्सी आहेत ते दाखवणारा स्पेक्ट्रम) काढणार असाल तर हे डायरेक्टिव्ह हवंच, नाहीतर स्पेक्ट्रमच्या तळाशी नसलेला नॉइज उगवतो.

बदल केल्यावर पुन्हा रन करायला विसरू नका. जुना आलेख तसाच समोर असतो आणि आपण नव्या सेटिंगचं रीडिंग घेतोय असं वाटत राहतं.

सरासरी आणि आरएमएस

कंट्रोल दाबून ट्रेसच्या नावावर क्लिक केलं की सरासरी आणि आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) दाखवणारी खिडकी येते. पॉवरच्या ट्रेसवर तीच खिडकी सरासरी पॉवर आणि एकूण ऊर्जा दाखवते. इथला नियम एकच: हिशेब फक्त पडद्यावर दिसणाऱ्या भागाचा होतो. त्या खिडकीत सुरुवात आणि शेवटची वेळ लिहिलेली असते, ती आधी वाचा.

आपल्या घरच्या पुरवठ्यासारखा सिग्नल घेऊन बघा, साइन, अ‍ॅम्प्लिट्यूड ३२५ व्होल्ट, ५० हर्ट्झ. २० मिलिसेकंदांचा पूर्ण पीरियड पडद्यावर असेल तर सरासरी शून्याच्या आसपास आणि आरएमएस जवळपास २३० व्होल्ट. आता ० ते १५ मिलिसेकंद एवढाच भाग दिसेल असं झूम करा. सरासरी ६९ व्होल्ट येईल, जणू सिग्नलवर डीसी बसलं आहे. गंमत म्हणजे आरएमएस मात्र २३०च राहतं, कारण पाऊण पीरियडमध्ये वर्गांची सरासरी योगायोगाने जुळते. आरएमएस बरोबर दिसतं म्हणून माणूस सरासरीवरही विश्वास ठेवतो. वेळेच्या अक्षावर माउस नेला की तो पट्टीच्या चिन्हात बदलतो, तिथे क्लिक करून डावी-उजवी मर्यादा आकड्यांतच टाइप करा. चौकट ओढून बरोबर २० मिलिसेकंद कधीच जमत नाहीत.

पॉवर सप्लायचं सर्किट असेल तर सुरुवातीचा चार्जिंगचा काळ वगळून स्थिर झालेला भागच घ्या.

फ्रीक्वेन्सीच्या आलेखावर

पहिल्या, १ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडच्या सर्किटकडे परत या. सोर्समध्ये एसी अ‍ॅम्प्लिट्यूड १ टाका. हा खाना रिकामा राहिला तर एसी अ‍ॅनालिसिसला इनपुटच मिळत नाही. आणि ५ टाकलंत तर आलेख ० डेसिबलऐवजी १४ डेसिबलवर सुरू होईल, मग उणे ३ डेसिबलची, म्हणजे कटऑफची, जागा शोधत तुम्ही भलत्याच फ्रीक्वेन्सीला पोचाल. उणे ३ नेहमी सपाट भागाच्या तुलनेत मोजायचे असतात. एसी अ‍ॅनालिसिस डेकेडने (फ्रीक्वेन्सी दहापट होते तो टप्पा), दर डेकेडला १०० बिंदू, १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झ.

आउटच्या नावावर क्लिक करून कर्सर लावला की विंडोत फ्रीक्वेन्सी, मॅग्निट्यूड, फेज आणि ग्रुप डिले (सिग्नलला सर्किटमध्ये होणारा उशीर) असे चारही आकडे एकत्र येतात. कर्सर उणे ३.०१ डेसिबलवर आणा. फ्रीक्वेन्सी १५९ हर्ट्झ, फेज उणे ४५ अंश, ग्रुप डिले ५०० मायक्रोसेकंद. हे तिन्ही एकाच वेळी जुळले तर माप बरोबर. मॅग्निट्यूडची रेष अखंड असते आणि फेजची तुटक, आणि दोघींचे अक्ष वेगळे, डावा मॅग्निट्यूडचा, उजवा फेजचा. बाणाच्या भरवशावर वाचताना या दोन अक्षांची अदलाबदल सहज होते, कर्सरच्या विंडोत ती होत नाही.

दर डेकेडला १०० बिंदू म्हणजे दोन शेजारच्या बिंदूंमध्ये २.३ टक्क्यांचं अंतर. या साध्या फिल्टरला ते पुरतं. टोकदार रेझोनन्स असेल तर १,००० करा, नाहीतर शिखर दोन बिंदूंमध्ये हरवेल.

एकाच आलेखावर अनेक रन

स्टेप कमांडने रेझिस्टर ५०० ओहम, १ किलो आणि २ किलो असा बदलत नेला तर एकाच नावाखाली तीन रेषा येतात. कर्सर पहिल्या रेषेवर बसतो. वर आणि खाली बाणाच्या कळांनी तो एका रेषेवरून दुसरीवर उडी मारतो. कोणत्या रेषेवर आहे असा संभ्रम पडला तर कर्सरवर राइट क्लिक करा, तो कोणत्या रनवर आहे आणि त्या रनची किंमत काय ते दिसतं. रंगावरून ओळखायला जाऊ नका, दहा-बारा रन झाले की रंग ओळखणं कठीण होतं.

रिपोर्टसाठी रीडिंग आलेखावरच लिहायचं असेल तर कर्सर जागेवर ठेवून प्लॉट सेटिंग्जमधल्या नोट्स अँड अ‍ॅनोटेशन्समध्ये कर्सरच्या जागेला लेबल देण्याचा पर्याय घ्या. त्या बिंदूचे आकडे तिथे उमटतात, मग ते लेबल हवं तिथे सरकवता येतं. पुन्हा रन केल्यावर हे लेबल आपोआप बदलत नाही, जुना आकडाच धरून बसतं, तेव्हा सर्किट बदललं की आधी ते पुसा. कोणते ट्रेस आणि कोणता अक्ष ठेवला होता ते सेव्ह प्लॉट सेटिंग्जने जपता येतं.

आणि तेच माप वीस-पंचवीस रनवर घ्यायचं असेल तर माउस बाजूला ठेवा. मेझर कमांड स्कीमॅटिकवर लिहा, राइज टाइम किंवा कमाल मूल्य प्रोग्राम स्वतः काढतो आणि निकाल एरर लॉगमध्ये ओळीने मिळतात. पहिल्या एका रनवर मात्र कर्सरने वाचलेला आकडा आणि लॉगमधला आकडा ताडून पाहा.